पाच पत्रिका जाड तारेकडे

आमच्या दुकानात पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक मला ओलांडून आत बघतं. मग विचारतं, "अम्माजी, मिस्त्री कहाँ हैं?"

मी म्हणते, "खाना खा रहे हैं. बैठिए."

मग आत जाते, जवळचा चष्मा लावते, पदर खोचते, बांगड्या काढून डब्यात ठेवते आणि बाहेर येऊन त्याच स्टुलावर बसते. "हां, बोलिए. गिटार में क्या तकलीफ है?" गिऱ्हाइकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. एकानं तर तरीही विचारलं, "और मिस्त्री?" म्हटलं, "खा चुके."

हा खेळ मी गेली कित्येक वर्षं खेळते आहे आणि मला त्याचा कंटाळा आलेला नाही. सून म्हणते, "आई, शोभतं का?" मी म्हणते, शोभत नाही म्हणूनच मजा येते.

तर मी काशीतली, शिंदे घाटाच्या मागच्या गल्लीतली, इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप लावणारी आजी. दुकान सासऱ्यांचं. सतारी, तंबोरे, सरोद यांची दुरुस्ती हा घरचा धंदा. आमचे हे, म्हणजे अनंतराव, सतारीची जवारी लावण्यात, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवण्यात, इतके मुरलेले की वीज लागणाऱ्या वाद्याला वाद्यच मानत नाहीत. "त्याला आवाज नाही, बिल येतं," असं त्यांचं मत. त्यामुळे वायर असलेलं जे काही दुकानात येई ते आपोआप माझ्याकडे सरकत गेलं.

आणि मला तरी काय हवं होतं! मी कराडहून लग्न होऊन आले ती बी.एस्सी. होऊन. फिजिक्स. हे मी काशीत पाऊल ठेवल्यापासून सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंना, दूधवाल्याला, गंगेवर नावाड्याला. वडिलांनी तर लग्नपत्रिकेतच छापून टाकलं होतं. सासूबाईंनी लग्नात नाव बदलून जान्हवी ठेवलं, ते मी निमूट घेतलं. पण पदवी कोणी बदलू शकत नव्हतं. त्या वेळच्या मला आज कोणी माझ्यासमोर आणून उभं केलं, तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग एक टपली मारीन.

आता बाहेरच्या माणसांसाठी धंदा थोडक्यात सांगते.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली एक चपटी डबी बसवलेली असते, तिला पिकअप म्हणतात. तिच्यात चुंबक असतं आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की खालच्या वेढ्यांत इवलासा करंट तयार होतो. तो वायरीतून स्पीकरच्या पेटीत जातो, पेटी त्याला मोठा करते, आणि शेजारी खिडकी लावून घेतात. एवढंच.

डबीच्या दोन्ही टोकांना एकेक स्क्रू असतो. तो फिरवला की डबी वर किंवा खाली होते. माझा सगळा धंदा त्या दोन स्क्रूंचा. डबी तारेपासून फार लांब गेली तर आवाज मेलेला. फार जवळ आली तर चुंबक तारेलाच ओढायला लागतं. मग तार मोकळेपणानं हलत नाही, आवाजात लाटा येतात, आणि बोट जसजसं मानेवरच्या पडद्यांवर, म्हणजे आडव्या पट्ट्यांवर, वर जाईल तसतसा सूर घसरतो. सासू आणि सून यांच्यातलं अंतर समजा. जाड तार जास्त ओढली जाते, म्हणून तिकडे फट थोडी जास्त ठेवायची.

ही फट मोजायला लोक पट्टी वापरतात. मी लग्नपत्रिका वापरते. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरायची, आणि तार व डबी यांच्यात पत्रिका सरकवायच्या. पाच पत्रिका जाड तारेकडे, चार बारीक तारेकडे. मग पाव फेरा स्क्रू, थांबायचं, ऐकायचं. पुन्हा पाव फेरा, थांबायचं, ऐकायचं. घाईचं काम नाही. आजकाल लोक लग्नाचं आमंत्रण फोनवर पाठवतात, त्यामुळे माझ्या हत्यारांची टंचाई झाली आहे. भाचीला मी स्पष्ट सांगितलं, "आहेर नको, पण पत्रिका जाड कागदावर छाप."

बांगड्या का काढते, तेही सांगते. पूर्वी माझ्या बांगडीत चार सेफ्टी पिना अडकवलेल्या असत. आपल्या सगळ्याच बायकांच्या असतात. एकदा एका गोऱ्या साधूची गिटार हातात घेतली, आणि पिना जाऊन चुंबकाला चिकटल्या, त्याही तारांच्या खालून. माझा हात गिटारला आणि गिटार मला. साधू "ओम, ओम" करतोय, मी बांगडी ओढतेय, पेटी चालू असल्यामुळे गल्लीभर भूकंपासारखा आवाज. सासरे आतून धावत आले. बघितलं आणि म्हणाले, "बी.एस्सी.ला हे नव्हतं का?"

गिऱ्हाइकं एकेक नग. राजा घाटाजवळचे एक गुरुजी आपल्या मुलाची गिटार घेऊन आले. शंका अशी की चुंबकाचं उत्तर टोक वर आहे की खाली, आणि उत्तरेकडे डोकं करून झोपू नये तसं गिटारचंही काही असतं का. मी गंभीरपणे म्हटलं, "गुरुजी, गिटार उभी ठेवायची. उभं राहिलेल्याला दिशा लागत नाही." ते समाधानानं गेले. या उत्तराचा मला अजून अभिमान आहे, कारण त्यात विज्ञान अजिबात नव्हतं.

पण ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो मधुकर.

लग्नाला माझ्या वर्ष झालं होतं. मधुकर तेव्हा विशीतला, आपल्याच मराठी बिऱ्हाडांतला, पौरोहित्य करणाऱ्या घरातला. जानवं सांभाळत गिटार वाजवायचा. कुठूनशी जुनी इलेक्ट्रिक गिटार मिळवली होती आणि शहरातल्या एका ऑर्केस्ट्रात त्याला घेणार होते. तो दुकानात आला. "वहिनी, आवाज फार कमी येतो. मंगळवारी परीक्षा आहे माझी. काहीतरी करा."

मी डबी बघितली. खालच्या स्प्रिंगा गंजून गेलेल्या, डबी आत बसलेली. मला मनातल्या मनात पुस्तकाचं पानच दिसलं: अंतर कमी, तर परिणाम जास्त. म्हणजे डबी जितकी वर, तितकं उत्तम! पण स्प्रिंगा नाहीत तर वर राहणार कशी? फळीवर आमच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा होता. वर गणपती छापलेला म्हणून सासूबाई टाकू देत नव्हत्या. मी एक पत्रिका घेतली, गणपतीचा भाग नीट कापून देव्हाऱ्यात ठेवला, उरलेल्याची जाड घडी करून डबीखाली कोंबली. डबी तारांना जवळजवळ टेकली. मधुकरनं तार छेडली तेव्हा समोरच्या पानवाल्याच्या हातून चुन्याची डबी पडली.

"वहिनी, तुम्ही जादूगार आहात!" मधुकर म्हणाला.

"जादू नाही, फिजिक्स," मी म्हणाले. टपली आठवली ना? ही तिची जागा.

बुधवारी तो परत आला, चेहरा उतरलेला. "त्यांनी नाही घेतलं. म्हणाले, ऊपर जाते ही बेसुरा हो जाता है. वहिनी, गिटारमध्ये काही झालंय का?"

मी सहाही तारा मोकळ्या छेडल्या. एकाही पडद्यावर बोट ठेवलं नाही. सहाही तारा सुरात. मग चार गिऱ्हाइकांसमोर, चष्मा नाकावर खाली आणून, मी निकाल दिला: "मधुकर, गिटार उत्तम आहे. तुझा कान कच्चा आहे."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "असेल, वहिनी. तुम्ही शिकलेल्या आहात." गिटार उचलली आणि गेला. वर्षाच्या आत बँकेच्या परीक्षेला बसला, पास झाला, बदली होऊन काशीबाहेर गेला.

पुढं एकदा अशीच दुसरी एक गिटार माझ्या हातात होती. डबी वर आणि सूर घसरलेला. मी डोकं खाजवतेय, तर आमचे हे जवारी घासता घासता मान वर न करता म्हणाले, "अगं, तार खाली ओढली जातेय. वर पडद्यावर दाबून बघ की." दाबून बघितलं. माझं मलाच कळलं.

इथं मी लिहिणार होते की तेव्हा मला मधुकर आठवला नाही. पण आठवला होता. लगेच आठवला. मी स्वतःला सांगितलं, तो आता साहेब झालाय, त्याची बदली झालीय, पत्ता कुठं शोधायचा. पत्ता त्याच्या आईकडे होता, आणि त्याची आई रोज माझ्यासमोरून गंगेवर जात होती.

मधुकर निवृत्त होऊन परतला आणि गंगेपलीकडे रामनगरला घर केलं. आपल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात दरवर्षी येतो. आरती सुरू झाली की सगळे ओरडतात, हा हात जोडून ओठ मिटून उभा. कोणी म्हटलं, "मधुकरराव, म्हणा की," तर हसून म्हणतो, "नको हो. माझा कान कच्चा आहे." दरवर्षी हे वाक्य माझ्यासमोर. आणि दरवर्षी मी प्रसादाच्या खिरापतीत फार लक्ष घालायची.

यंदा गणपतीच्या आधी त्याची बायको, सुलभा, ई-रिक्षातून एक लांबडं गाठोडं घेऊन दुकानात आली. जुन्या चादरीत तीच गिटार.

"वहिनी, घर साफ करायला काढलंय. हे माळ्यावर निघालं. विकून टाकते. रविवारी गिऱ्हाईक येणार आहे, तोवर वाजती करून द्या. मी स्क्रू फिरवून बघितला, तर तारांखालची ही डबी खाली जातच नाही."

"मधुकररावांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, दे, मला काय करायची? माझा कान..."

"हो हो," मी घाईनं म्हणाले.

तारा सैल केल्या, स्क्रू काढले, डबी उचलली. खाली पिवळी पडलेली कागदाची घडी. मी ती मुठीत घेणार, तेवढ्यात सुलभानं चिमटीत पकडली आणि उलगडली. वाचायला लागली: "यांची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. निर्मला, बी.एस्सी... अगंबाई! पुढचं तर सगळं झिजलंय. कुणाची हो पत्रिका? निर्मला कोण?"

काशीत निर्मला कोणालाच माहीत नाही. इथं मी पहिल्या दिवसापासून जान्हवी. सुटायला एवढं पुरे होतं.

"असेल कोणीतरी," मी म्हणाले.

कोपऱ्यात आमचे हे सतार मांडीवर घेऊन बसले होते, तोंडात पान. त्यांना एकदम ठसका लागला. पान तोंडात असताना हसू आलं की त्यांचं असं होतं.

"भावोजी, पाणी देऊ?" सुलभा म्हणाली. मग पुन्हा कागद बघत म्हणाली, "काय माणसं असतात! नवरीच्या नावापुढे बी.एस्सी. छापायचं! शिष्टच असेल बाई."

"भारी शिष्ट," आमचे हे म्हणाले. "मी ओळखायचो तिला."

सुलभा गेली. कागद माझ्याकडे राहिला. मी नव्या स्प्रिंगा बसवल्या, तारा बदलल्या, पडदे घासले. शेवटच्या पडद्यावर तार दाबून पाच पत्रिका जाड तारेकडे, चार बारीक तारेकडे. पाव फेरा, थांबले, ऐकलं. सगळ्यात वरच्या पडद्यावरचा सूर असा स्वच्छ आला की आमच्या ह्यांनी मान वर केली. विजेच्या वाद्याला त्यांनी मान वर करण्याची ही पहिलीच वेळ.

"घेऊन जा," ते म्हणाले. "तू स्वतः. रविवारच्या आधी."

"सुलभा येणारच आहे न्यायला."

"निर्मला," ते म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी मला या नावानं हाक मारली नव्हती. मी मुकाट्यानं चप्पल घातली.

पुलावरून ई-रिक्षा हिंदकळत होती, गिटार मांडीवर, कागद पर्समध्ये. भाषण तयार केलं होतं. त्यात तापमानाचा परिणाम, त्या काळी माहितीची कमतरता, असं सगळं होतं. मधुकरनं दार उघडलं आणि मी भाषणाऐवजी कागदच त्याच्या हातात दिला.

"हे काय, वहिनी?"

"निर्मला, बी.एस्सी. म्हणजे मी. हा कागद मी तुमच्या गिटारमध्ये कोंबला होता. त्यानं पिकअप वर आला, त्यानं तार ओढली, त्यानं सूर घसरला. दोष गिटारचा होता. म्हणजे माझा होता. तुमचा नव्हता."

स्वयंपाकघरातून सुलभा हातात लाटणं घेऊन आली. "म्हणजे ती शिष्ट..."

"मीच गं."

मधुकरनं कागद खिशात ठेवला. गिटार घेतली, छोटी पेटी मी बरोबर आणली होती, ती लावली. आधी खालचे सूर. बोटं अडखळत होती. मग हळूहळू वर, आणखी वर, अगदी शेवटच्या पडद्यापर्यंत. तिथं थांबून तो सूर संपेपर्यंत ऐकत राहिला. डोळे पुसले. मग म्हणाला, "वहिनी, म्हणजे माझा कान..."

इथं शहाण्या बाईनं काय करायचं? थांबायचं. तपासायचं. मोकळी तार छेडून निकाल देऊ नये, हे चाळीस वर्षं लोकांना शिकवलं मी. पण चाळीस वर्षांचं देणं फेडायची मला घाई झाली होती.

"मधुकरराव," मी छातीवर हात ठेवून म्हणाले, "तुमचा कान उत्तम आहे!"

पुन्हा एकदा न तपासता.

गिटार विकली गेली नाही. रविवारच्या गिऱ्हाइकाला सुलभानं चहा देऊन वाटेला लावलं. गणपती आले. पहिल्या दिवशी मधुकर नवा कुडता घालून गिटारसकट हजर. आरतीच्या आधी त्यानं वाजवलं, आणि खरं सांगते, फार गोड वाजवलं. तारा मी लावून दिलेल्या, बोटं योग्य पडद्यावर. लोक खूश. मग आरती सुरू झाली, आणि मधुकररावांनी चाळीस वर्षांनी तोंड उघडलं.

काय सांगू. हार्मोनियमवाल्याचा हात पट्ट्यांवर तसाच थांबला. टाळ पुढं गेले, झांजा मागं राहिल्या. पुढच्या रांगेतलं एक तान्हं बाळ रडायचं थांबून बघायला लागलं. मधुकरराव डोळे मिटून, घशाच्या शिरा फुगवून, आनंदानं, आणि कुठल्याही सुराला चुकूनही न लागता म्हणत होते.

आमचे हे माझ्या कानाशी वाकले. "गिटारला पडदे असतात," म्हणाले. "गळ्याला नसतात."

आरतीच्या तबकाच्या पलीकडून सुलभा माझ्याकडे बघत होती. तबक माझ्यापुढे आणून ती गोड आवाजात म्हणाली, "घ्या आरती, बी.एस्सी. घरी अंघोळीलासुद्धा सुरू झालंय."

तेवढ्यात मधुकरराव घाम पुसत आले. चेहरा असा की विशीतला मुलगा मंगळवारची परीक्षा पास होऊन आलाय. "वहिनी! सूर कसा लागला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हार्मोनियमवाला तर हात जोडून.

"जोरात लागला, मधुकरराव," मी म्हणाले. "उद्याही या."

ते दहाही दिवस आले, दोन्ही वेळच्या आरतीला. मी एकही आरती चुकवली नाही. चुकवायचा मला हक्कच नव्हता. फक्त उभं राहण्याची जागा तेवढी बदलत गेले. पहिल्या दिवशी त्यांच्या शेजारी होते, ते फार जवळ झालं. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर, ते फार लांब. मग रोज पाव-पाव पाऊल सरकायचं, थांबायचं, ऐकायचं. सातव्या दिवशी बरोबर जागा सापडली: तिसऱ्या खांबाच्या मागं, मोठ्या घंटेच्या जरा डावीकडे. तिथून आधी गिटार नीट ऐकू येते, आणि आरतीत घंटा सुरू झाली की मधुकररावांचं तोंड उघडलेलं फक्त दिसतं.